गवताचं बोलावणं

तळवड्याला एका शेडमध्ये मी कामाला आहे. तिथे गवत ओढायच्या यंत्राचे दात बनतात. तारेचे, करंगळीहून बारीक, टोकाशी जरासे वाकलेले. मशीन तार वाकवून देतं, मी एकेक दात मापाच्या गेजमध्ये बसवून बघते. बसला तर पेटीत, नाही बसला तर बाजूला. पेट्या भरल्या की टेम्पो येतो आणि त्या कुठल्याशा कंपनीत जातात. तिथे हे दात चाकांना लागतात, चाकांचं यंत्र होतं आणि ते ट्रॅक्टरच्या मागे जोडतात. एवढं मला ऐकून माहीत होतं. अख्खं यंत्र मी गेल्या वर्षापर्यंत पाहिलं नव्हतं.

हातानं गवत ओढायचं दाताळ मात्र लहानपणापासून हातात होतं. माझं माहेर चाकणच्या पुढे, खेडच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. खाली कांदा-बटाट्याचं रान आणि वर डोंगराला टेकून गवताच्या सात पट्ट्या, एकीवर एक, मध्ये बांध. दिवाळीच्या आगेमागे गवत कापायचं, दोन उन्हं खाऊ द्यायचं, मग दाताळानं ओढून त्याच्या ओळी घालायच्या, ओळींच्या पेंढ्या बांधायच्या आणि गंजी रचायची. कापणं, बांधणं, रचणं पुरुषांचं, ओढणं बायकांचं. चौथीनंतर माझी शाळा सुटली, त्याच वर्षी आईनं माझ्या हातात लाकडी दाताळ दिलं. माझ्या उंचीला ते मोठं होतं. ती म्हणायची, "दातांनी जमीन चाटायची, खणायची न्हाई. खणलीस की गवतात माती येती, आन् म्हस तोंड फिरवती."

लग्न होऊन मी चिखलीला आले. आमच्याकडे बोलावल्याशिवाय माहेरी जायची रीत नाही. सणाला बोलावणं येतं, लग्नकार्याला येतं. मला एक तिसरं बोलावणं होतं, गवताचं. भाऊबीजेला माझा भाऊ यायचा, ओवाळणी व्हायची, तो राहायचा आणि सकाळी मला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन जायचा. तो माझ्याहून लहान. चार दिवस मी, भावजय आणि शेजारच्या दोघी असं आम्ही गवत ओढायचो. बावीस वर्षांत दोन खेपा चुकल्या, दोन्ही बाळंतपणाच्या.

त्या चार दिवसांत मी बोलायचे. शेडमध्ये माझं बोलणं हो आणि नाही एवढंच असतं. इमारतीतल्या बायका जिन्यात भेटल्या की मी हसते आणि पुढे जाते. पण दाताळ ओढत ओळीनं मागे सरकताना तोंड आपोआप सुरू व्हायचं. समोर कुणी बघत नसतं, सगळ्यांची नजर गवतावर. भावजय एकदा म्हणाली, "वन्सं, तुमी घरात आल्या की मुक्या आन् रानात आल्या की रेडिओ." मला राग नाही आला. खरंच होतं ते.

परत येताना साडीचा काठ कुसळांनी भरलेला असायचा. गॅलरीत बसून ती एकेक काढायची. मला घाई नसायची. नवरा म्हणायचा, "गवत तिकडंच ठेवायचं असतं गं, घरी आणायचं नसतं." एखादं कुसळ पिशवीच्या शिवणीत राहायचं आणि होळीच्या सुमाराला बोटाला टोचायचं. मग मी ते बघत थोडा वेळ तशीच बसायचे.

गेल्या वर्षी श्रावणात भावाचा फोन आला.

"आक्का, तू ते रेकचं दात करती ना?"

"करत नाही, बघते."

"तेच ते. मला रेक घ्यायचाय. रविवारी चल दुकानात."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"आमच्या घरात तुझ्याइतकं दात कुणी बघितल्यात? मी तर दोन दाढा पाडून बसलोय."

मी हसले आणि हो म्हणाले. फोन ठेवला, कपडे वाळत घालायला घेतले. चादर दोरीवर टाकताना माझ्या ध्यानात आलं की रेक म्हणजे ट्रॅक्टरचं दाताळ. ते आलं की ओढायला बायका लागणार नाहीत. म्हणजे मी लागणार नाही. चादरीचं पाणी पायावर गळत होतं, पिळायचीच राहिली होती.

दुकान चाकणच्या पुढे हमरस्त्याला आहे. रविवारी भाऊ मला न्यायला आला. अंगणात तीन यंत्रं उभी होती. दुकानातला माणूस भावाच्याच वयाचा, बोलण्यात तरबेज. पहिलं यंत्र फिरकीचं. लांब हात गोल फिरतात आणि गवत बाजूला सारतात. ते ट्रॅक्टरच्या ताकदीवर चालतं. दुसरं चाकांचं, मोठं, आठ चाकं दोन्ही अंगांना पसरलेली, मागून पाहिलं तर पंख उघडून बसलेल्या पक्ष्यासारखं. तिसरंही चाकांचंच, पण चारच चाकं, एका तिरक्या ओळीत. ते भिंतीला लागून उभं होतं, त्यावर धूळ होती.

मी चाकाजवळ गेले आणि दाताला बोट लावलं. टोकाचं वाकण ओळखीचं होतं. इतके दिवस मी सुटे दात पाहत होते, ते असे गोल बसतात हे तेव्हा कळलं.

"ताई, हात नका लावू, ग्रीस लागेल," दुकानातला माणूस म्हणाला.

"लागू दे," भाऊ म्हणाला. "तिच्याच हातचं हाय ते."

दुकानातल्या माणसानं माझ्याकडे जरा नीट पाहिलं आणि मग सगळं आम्हां दोघांना सांगायला लागला. फिरकीचं यंत्र गवत हळू हाताळतं, पानं झडत नाहीत, माती येत नाही. भावाला ते आवडलं. मी त्याला हळूच म्हटलं, "जड आहे हे. आपला ट्रॅक्टर छोटा. चढावर मागून उचललंस की पुढची चाकं उठतील." त्यानं कानामागे खाजवलं. आदल्या साली चढाला रोटाव्हेटर उचलताना पुढची चाकं वीतभर वर गेली होती, तेव्हा त्यानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं होतं. त्यानं फिरकीचा नाद सोडला.

मग तो आठ चाकांच्या मोठ्या यंत्रासमोर जाऊन उभा राहिला.

"याला ताकद लागतच नाही, दादा," दुकानातला माणूस म्हणाला. "चाकं जमिनीला टेकली की ओढण्यानंच फिरतात. छोटा ट्रॅक्टर आरामात ओढतो. एका फेरीत केवढी पट्टी साफ होते बघा. आणि वाटेनं जाताना पंख मिटतात."

"आमच्या गावात कुणी नेलंय का?"

"अजून नाही. तुम्हीच पहिले."

एवढं ऐकल्यावर भाऊ त्या यंत्राभोवती दोनदा फिरला. मी यंत्राची लांबी पाहत होते. दुसऱ्या पट्टीवरून तिसरीत जायला आमच्याकडे दोन मोठ्या धोंड्यांमधून वाट आहे. भारे घेतलेल्या दोन बायका तिथे समोरासमोर आल्या की एकीला थांबावं लागतं. आणि धोंडे ओलांडले की वाट लगेच उजवीकडे वळते. पंख मिटले तरी एवढं लांब यंत्र तिथे वळणार नव्हतं. मला ते समोर दिसत होतं. ते यंत्र खालच्या दोन पट्ट्या करणार आणि वरच्या पाच हातानंच राहणार.

"काय आक्का, हेच ना?" भावानं विचारलं.

मी काही बोलले नाही.

मी तशीही बोलत नाही, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. भावानं माझं गप्प राहणं हो म्हणून घेतलं. हे मी ज्या वहीत लिहितेय ती कुणी वाचणार नाही, तर इथे खरं लिहिते. मला कळत होतं. बोलायला एक वाक्य पुरलं असतं, आणि फिरकीच्या यंत्राबद्दल मी बोललेच होते की. पण डोक्यात एवढंच होतं, वरच्या पाच पट्ट्या. पाच पट्ट्यांना तीन दिवस लागतात. मला बोलावणं येईल.

भावानं यंत्र ठरवलं, दसऱ्याला न्यायचं म्हणून सांगितलं. परत येताना चिखलीच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा तो मान मागे वळवून म्हणाला, "आक्का, गेल्या साली तू कंबर धरून बांधावर बसलीवतीस. मी लांबून बघत हुतो. तवाच ठरवलं. आता तुला राबाय यावं लागायचं न्हाई." सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजायला लागले, म्हणून मला उत्तर द्यावं लागलं नाही.

सोमवारी आणि मंगळवारी माझं कामात लक्ष नव्हतं. शेजारच्या टेबलावर लातूरकडची एक बाई बसते, ती म्हणाली, "काय करू लागलीस बाई, चांगले दात बाजूला टाकू लागलीस की." मी पेटी उलटी करून पुन्हा सगळे बघितले. तिचं खरं होतं. जेवणाच्या सुट्टीत शेडच्या मागे, जिथे जुनी पिंपं ठेवलेली असतात, तिथे जाऊन मी भावाला फोन लावला.

"ते मोठं नको घेऊस. तिसऱ्या पट्टीत जायचं नाही ते. धोंड्यांमधून वळणार नाही."

"पंख मिटत्यात की."

"मिटले तरी लांबी तेवढीच राहते. तू बघ मोजून."

संध्याकाळी त्याचाच फोन आला. तो हसतही होता आणि चिडलेलाही होता. त्यानं दुकानातून यंत्राची लांबी-रुंदी विचारून घेतली, तेवढ्या मापाचे बांबू ट्रॅक्टरच्या मागे बांधले आणि वर न्यायला निघाला. धोंड्यांपाशी बांबू अडकले. पुढे जाईना, मागे येईना. "निम्मं गाव गोळा झालं आक्का. एक जण इचारतो, मांडव घालाय चाललाय का डोंगरावर. शेवटी बांबू तोडलं."

मला हसू आलं. मग त्यानं विचारलं, "रविवारी का न्हाई बोललीस?"

"ध्यानात आलं नाही," मी म्हणाले.

त्याला पटलं. मी खोटं बोलेन असं त्याच्या मनातसुद्धा येत नाही. मग मी त्याला सांगितलं की चार चाकांचं घे, ते भिंतीजवळचं. ते मागे उचललं जातं, हलकं आहे, बांधाशी वळेल, धोंड्यांतून जाईल. वरच्या रानात मुरूम आहे, तर चाकं दाबून टेकवू नकोस, नाहीतर गवताबरोबर खडे ओढशील. नुसती टेकली पाहिजेत. तो म्हणाला, "आई म्हणायची तसं?" मी म्हटलं, "तसंच." दुकानातल्या माणसानं थोडी कुरकुर केली, पण बदलून दिलं.

दिवाळी आली. शेडच्या शेठकडे मी दसऱ्यालाच चार दिवसांची सुट्टी सांगून ठेवली होती, दर वर्षीसारखी. सांगताना काही ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं. भाऊबीजेला भाऊ आला. ओवाळलं, जेवला, मुलांशी पत्ते खेळला. चार वाजता उठला आणि चप्पल घालायला लागला.

"राहत नाहीस?"

"गवत कापाय घेतलंय. बाकी आता काय, एका दिसाचं काम. तू पडून राहा निवांत."

गॅलरीतून मी त्याला जाताना पाहिलं. त्यानं मागच्या सीटवर फराळाची पिशवी बांधली होती.

सुट्टी मी गवत वाळेपर्यंत पुढे ढकलली, कामाला जात राहिले आणि त्याला रोज फोन करत होते. ऊन कसं आहे विचारायचे, दव पडतंय का विचारायचे. तो सगळं नीट सांगायचा. गवत कुठवर कापून झालं, वरच्या पट्टीत पवना गवत यंदा कसं उंच आहे, पहिलं ऊन खाल्लं, दुसरं खाल्लं. बुधवारी म्हणाला, "वाळलंय. उद्या दव उडालं की वडायला घेतो."

मी वाट पाहिली. त्यानं आता ये म्हणावं. तो म्हणाला, "ठेवू का?"

"ठेव," मी म्हणाले.

बावीस वर्षांत मी स्वतःहून कधी येऊ का म्हटलं नव्हतं. बोलावणं येतंच, मग म्हणायची गरजच पडली नाही. आता म्हणायचं कसं, ते मला येत नव्हतं. वाक्य सोपं आहे. मी ते भाकरी थापताना दोनदा पुटपुटून पाहिलं. नवरा बाहेरून म्हणाला, "काय म्हणालीस?" मी म्हटलं, "काही नाही."

गुरुवारी सकाळी मी लवकर उठून साडी नेसले, रोजच्या कामाची नव्हे, रानातली जुनी. नवरा पहिल्या शिफ्टला निघायच्या तयारीत होता.

"बोलावलंय का?"

"नाही."

त्यानं बूट घालताना वर पाहिलं. मग म्हणाला, "डब्याचं नको बघू, मी कँटीनला खातो. मुलं करतील आपलं आपलं. जा."

चाकणच्या चौकात बस अर्धा तास हलली नाही. दोन्ही बाजूंना ट्रक, कांद्याच्या गोण्यांचे आणि नव्या गाड्यांचे, आणि कंपन्यांच्या बस. लोक फोन काढून उशीर होतोय म्हणून कळवत होते. मी उन्हाकडे बघत होते. दहाच्या आसपास दव उडतं. नऊ वाजून गेले होते. एकदा वाटलं उतरून परत जावं, कारण काम संपल्यावर तिथे जाऊन मी सांगणार काय. पण बस सुरू झाली.

फाट्यावर उतरून मी चालत गेले. घरी कुलूप होतं. वरून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. धोंड्यांमधून वर गेले तर पाच पट्ट्या झाल्या होत्या, ओळी पडल्या होत्या. भावजयीनं मला पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सावरत धावतच आली.

"वन्सं, काय झालं? सगळं बरं हाय ना?"

भावानंही ट्रॅक्टर थांबवला. इंजिन चालू ठेवून तो खाली उतरला. "काय गं, दाजी बरं हायती ना?"

"सगळे बरे आहेत. गवत बघायला आले."

दोघं माझ्याकडे पाहत राहिले. बोलावल्याशिवाय मी कधी आले नव्हते, त्यामुळे त्यांना खरं वाटेना.

"मग सांगायचं व्हतं," भाऊ म्हणाला. "न्यायला आलो असतो."

"तू बोलावलं नाहीस."

"काम न्हाई म्हणून न्हाई बोलावलं."

"काम नसलं तरी बोलाव," मी म्हणाले.

हे मी कसं बोलले मला माहीत नाही. इंजिनचा आवाज होता म्हणून बोलले असेन. भावानं टोपी काढली, त्या टोपीनंच मान पुसली, यंत्राच्या चाकांकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं." आणि ट्रॅक्टरवर चढला.

दोन पट्ट्या राहिल्या होत्या. मी आणि भावजय बांधावर बसलो. चार चाकं तिरकी फिरत होती आणि गवत एका अंगाला सरकत ओळ होत होती. मी नीट पाहत होते. कुठे माती येते का, कुठे गवत सुटतं का, वळताना बांधाशी घोळ होतो का. काहीच होत नव्हतं. ओळी आमच्यापेक्षा सरळ होत्या. भावानं चाकं अगदी बेतानं टेकवली होती, खडा म्हणून उडत नव्हता. मी निवडलेलं बरोबर होतं. तसं कुणीतरी म्हणावं असं वाटत होतं आणि म्हणू नये असंही वाटत होतं.

शेजारच्या दोघी यंदा आल्या नव्हत्या. एक मुलीकडे भोसरीला गेली होती, दुसरी घरीच होती. भावजयीच्या हातात काही नव्हतं, माझ्याही नव्हतं. इतकी वर्षं याच बांधाला लागून आम्ही काय काय बोललो असू. तिच्या सासूबद्दल, म्हणजे माझ्याच आईबद्दल तिची तक्रार मी इथेच ऐकली होती आणि आई गेल्यावर तिचं रडणंही. आता बसल्या बसल्या काय बोलावं ते दोघींनाही सुचेना. ती म्हणाली, "बस लवकर मिळाली का?" मी म्हटलं, "चाकणला अडकली होती." मग पुन्हा आम्ही ट्रॅक्टरकडे पाहत राहिलो.

शेवटची पट्टी संपली. भावानं यंत्र उचललं आणि इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. अजून बारासुद्धा वाजले नव्हते.

"राहणार ना वन्सं?" भावजयीनं विचारलं.

"चार दिवसांची सुट्टी आहे."

"चार दिवस," ती म्हणाली. तिनं रानभर नजर फिरवली. "काय करायचं चार दिवस?"

तिनं ते टाकून विचारलं नव्हतं. तिलाही खरंच कळत नव्हतं. मी म्हटलं, "बघू." आणि आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो, भाऊ खाली येईपर्यंत.